झोपून मोबाइल आणि टीव्ही बघायचा प्रिझम चष्मा: कसा चालतो, कुणासाठी आहे, घेताना काय तपासायचं?

रात्री पाठीवर झोपून मोबाइल बघताना तो हातातून सुटून थेट नाकावर आदळणे, हा अनुभव तुम्हाला असेलच. मोबाइल चेहऱ्याच्या वर धरून दहा मिनिटं झाली की हात भरून येतात. मग आपण कुशीवर वळतो, तर स्क्रीन आडवी-उभी होत बसते. शेवटी उशीची घडी करून मान पुढे वाकवतो आणि सकाळी मान धरलेली असते.

यावर उपाय म्हणून ऑनलाइन दुकानांत एक विचित्र चष्मा दिसतो. पुढे काचेचे दोन जाड ठोकळे, नाव ‘लेझी ग्लासेस’ किंवा ‘बेड प्रिझम ग्लासेस’. हा चष्मा लावला की नजर छताकडे असते, पण दिसतं ते पायाकडचं. छातीवर टेकवलेलं पुस्तक किंवा समोरच्या भिंतीवरचा टीव्ही, दोन्ही मान न उचलता दिसतात.

नाव ‘आळशी चष्मा’ असलं तरी मी तो पहिल्यांदा आणला तो आळसासाठी नाही. माझ्या मामांच्या मणक्याला मार लागला होता आणि डॉक्टरांनी सहा आठवडे सपाट झोपून राहायला सांगितलं होतं. रोज पहाटे पेपर वाचणारा माणूस दिवसभर पंख्याकडे बघत पडलेला असायचा. त्या सहा आठवड्यांत या चष्म्याबद्दल जे कळलं, ते आणि त्यामागचं विज्ञान या लेखात देतोय.

प्रिझम चष्मा म्हणजे नेमकं काय?

प्रिझम म्हणजे शाळेच्या पुस्तकातला लोलक. तिथे आपण त्यातून सूर्यप्रकाशाचे सात रंग वेगळे करतो. इथे लोलकाचं काम दुसरं आहे: प्रकाशाची दिशा साधारण ९०° वळवणे. फ्रेममध्ये प्रत्येक डोळ्यापुढे काचेचा किंवा ॲक्रिलिकचा एक प्रिझम बसवलेला असतो. त्याला नंबर नसतो. म्हणजे तो अक्षरं मोठी करत नाही, जवळ आणत नाही, फक्त नजरेला वळण देतो.

ही कल्पना मोबाइलच्या जमान्यातली नाही. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संग्रहात १९३६ सालचा इंग्लंडमधला एक फोटो आहे. त्यात झोपून वाचण्यासाठी खास बनवलेला ‘हॅम्ब्लिन’ चष्मा दिसतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला वाचता यावं, ही गरज तेव्हाही होती.

हा चष्मा चालतो कसा? आधी एक प्रयोग

चष्मा नसला तरी घरच्या हातआरशाने हे समजून घेता येईल.

१. मोबाइलचं ऑटो-रोटेट बंद करा आणि स्क्रीनवर काहीतरी मराठी मजकूर उघडा.
२. पाठीवर झोपा. मोबाइल पोटावर उशीला टेकवून उभा ठेवा, स्क्रीन तुमच्याकडे.
३. डोळ्यांच्या वर आरसा तिरका, साधारण ४५° कोनात, पायाकडे कलता धरा.

मान न उचलता मोबाइल दिसेल, पण खाली डोकं वर पाय! आता मोबाइल उलटा ठेवून बघा. चित्र सरळ होईल, पण अक्षरं डावी-उजवी उलटतील, रुग्णवाहिकेच्या पुढच्या काचेखाली लिहिलेली असतात तशी. एका आरशाने दोन्ही गोष्टी एकदम सरळ होत नाहीत. एका परावर्तनात प्रतिमा एका बाजूने उलटतेच.

उपाय सोपा आहे: प्रकाश दोनदा परावर्तित करायचा. पहिल्या वेळी उलटलेली प्रतिमा दुसऱ्या वेळी सरळ होते. म्हणूनच चांगल्या प्रिझम चष्म्यातून मराठी मजकूर जसा आहे तसाच वाचता येतो.

यात एक सुंदर नियमही आहे. दोन आरशांमध्ये जेवढा कोन असेल, त्याच्या दुप्पट प्रकाश वळतो. आरशांमध्ये ४५° असतील तर प्रकाश ९०° वळतो. शिवाय हे दोन आरसे एकत्र जोडलेले असले, तर ते थोडे पुढे-मागे कलले तरी वळण तेवढंच राहतं. म्हणून चष्मा नाकावरून जरासा घसरला तरी टीव्ही जागेवरून लगेच हलत नाही. जमीन मोजणारे सर्व्हेअर काटकोन आखायला ‘ऑप्टिकल स्क्वेअर’ नावाचं छोटं उपकरण वापरतात, त्यातही हाच नियम वापरलेला असतो. एसएलआर कॅमेऱ्याच्या माथ्यावर जो उंचवटा दिसतो, त्याच्या आतला पेंटाप्रिझमही याच घराण्यातला.

आरशांऐवजी काच का?

दोन आरसे चष्म्यात नेमक्या कोनात बसवणं आणि तो कोन कायम टिकवणं अवघड असतं. काचेच्या अखंड तुकड्यात कोन एकदा कापला की बदलत नाही.

दुसरं कारण म्हणजे ‘पूर्ण आंतरिक परावर्तन’. काचेच्या आतून बाहेर पडू पाहणारा प्रकाश पृष्ठभागावर फार तिरका आला, तर तो बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो. ही मर्यादा ठरवणाऱ्या कोनाला क्रांतिक कोन म्हणतात. चष्म्यात वापरतात त्या साध्या काचेसाठी आणि ॲक्रिलिकसाठी तो साधारण ४२° आहे (लंबापासून मोजलेला). म्हणजे त्याहून जास्त तिरक्या प्रकाशासाठी नुसती पारदर्शक काचच उत्तम आरसा बनते. तुमच्या घरी येणारं फायबर इंटरनेटही याच तत्त्वावर चालतं. प्रिझमच्या ज्या बाजूवर प्रकाश पुरेसा तिरका येत नाही, तिथे आरशासारखा चकचकीत थर दिलेला असतो. चष्मा हातात घेतल्यावर बहुतेक वेळा तो थर लगेच दिसतो.

डॉक्टर देतात तो प्रिझम चष्मा वेगळा

इथे गोंधळ होतो, म्हणून नीट वाचा. एकाच्या दोन वस्तू दिसत असतील तर नेत्रतज्ज्ञ नंबरच्या चष्म्यात प्रिझम घालून देतात. त्याचं मोजमाप ‘प्रिझम डायोप्टर’मध्ये होतं. १ प्रिझम डायोप्टर म्हणजे १ मीटर अंतरावर प्रतिमा १ सेंटिमीटर सरकणे, म्हणजे साधारण अर्धा अंश. १० प्रिझम डायोप्टर म्हणजे जेमतेम ६°. तो प्रत्येकाचे डोळे तपासून बनवतात आणि दोन्ही डोळ्यांसाठी वेगळा असू शकतो.

झोपून बघायचा चष्मा सगळ्यांसाठी एकच असतो आणि दोन्ही डोळ्यांची नजर एकाच दिशेला वळवतो. तो डोळ्यांच्या कुठल्याही आजारावर उपचार नाही. एखाद्या जाहिरातीत ‘नंबर कमी होतो’ किंवा ‘डोळे सुधारतात’ असं लिहिलेलं असेल, तर ती वस्तू घेऊ नका.

खरा उपयोग कुणाला?

*सपाट झोपून राहावं लागणारे रुग्ण.* मणक्याची दुखापत, ऑपरेशन, पायाला लावलेलं वजन. अशा वेळी उठून बसायची परवानगी नसते. वाचणं, व्हिडिओ कॉलवर घरच्यांशी बोलणं, खोलीत कोण आलं ते बघणं, हे सगळं या चष्म्याने परत मिळतं. मामा तर म्हणाले, “अरे, सहा दिवसांनी पहिल्यांदा दाराकडे बघितलं मी!”

*मान पुढे झुकलेले लोक.* अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससारख्या आजारात पाठ आणि मान वाकून कडक होते आणि नजर जमिनीकडे राहते. हाच प्रिझम उलट बसवला की बसल्या जागी समोरचं दिसतं. अर्थात, कुठला आणि कसा वापरायचा हे डॉक्टरांना विचारूनच.

*डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालेले.* काही ऑपरेशनांत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात आणि काही दिवस तोंड खाली करून राहायला सांगतात. तेव्हा टीव्ही बघायला काही जण आरसे किंवा प्रिझम वापरतात. इथे मात्र नेत्रतज्ज्ञांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय काहीही करू नका.

*क्लायंबिंग करणारे.* भिंतीवर चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळणाऱ्याला सतत वर बघावं लागतं. त्याच्यासाठी ‘बिले ग्लासेस’ मिळतात. मान सरळ, नजर समोर, दिसतं मात्र वरचं. सह्याद्रीत किंवा शहरातल्या कृत्रिम भिंतीवर चढाई करणाऱ्यांनी हे पाहिलेही असतील. झोपून वापरायचा चष्मा आणि हा, दोन्हींत तत्त्व एकच. फक्त प्रिझमची दिशा उलटी.

*सर्जन आणि दंतवैद्य.* तासन्‌तास वाकून काम करणाऱ्यांसाठी अलीकडे प्रिझम बसवलेली भिंगं निघाली आहेत. डॉक्टरांची मान सरळ राहते आणि नजर खाली रुग्णाकडे वळते.

आणि तुम्ही-आम्ही? दिवसभर मान खाली घालून मोबाइल बघणाऱ्यांनाही थोडा आराम मिळतो. न्यूयॉर्कचे मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ साली एक गणिती मॉडेल मांडलं. डोक्याचं वजन सरळ मानेवर साधारण ५ किलो असतं. मान ६०° पुढे झुकवली की मणक्यावरचा भार सुमारे २७ किलो होतो, असं त्या मॉडेलचं उत्तर आहे. हा माणसांवर प्रत्यक्ष मोजलेला आकडा नाही, त्यामुळे तो घाबरण्यासाठी वापरू नका. पण मान जास्त वेळ वाकवली की ती दुखते, हे कळायला मॉडेलही लागत नाही.

मानेला आराम, पण डोळ्यांना?

या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. प्रिझम चष्मा मान आणि हात वाचवतो, डोळे वाचवत नाही. प्रकाश वळला तरी मोबाइलचं अंतर तेवढंच राहतं. स्क्रीन डोळ्यांपासून ३५ सेंटिमीटरवर असेल तर डोळ्यांना ३५ सेंटिमीटरवरच फोकस करावं लागतं. स्क्रीन बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. तेही तसंच होणार.

उलट धोका वाढतो. आधी हात दुखले की आपण मोबाइल बाजूला ठेवायचो. आता दुखायला काही उरलंच नाही, त्यामुळे दोन तास कसे गेले कळत नाही. म्हणून टायमर लावाच. दर २० मिनिटांनी चष्मा काढून २० फूट, म्हणजे साधारण ६ मीटर लांबचं काहीतरी २० सेकंद बघा. खोली अंधारी ठेवू नका. झोप येत असेल तर चष्मा काढून डब्यात ठेवा, तो तोंडावर घेऊन झोपू नका.

वापरताना येणाऱ्या अडचणी

*उलटा घालणे.* मामांनी पहिल्या दिवशी चष्मा लावला आणि म्हणाले, “मला तर डोक्यामागची भिंत दिसतेय!” प्रिझम उलटे बसले होते. काही फ्रेममध्ये प्रिझम फिरवता येतात, काहींत नाही. पायाकडचं दिसलं पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

*नंबरचा चष्मा.* प्रिझमला नंबर नसल्यामुळे तुमचा रोजचा चष्मा खाली लागणारच. फ्रेम आतून पुरेशी मोकळी आहे का ते बघा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर प्रश्न नाही.

*बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह.* घरातल्या मोठ्यांसाठी घेत असाल तर हे नक्की वाचा. या चष्म्यांत वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो. प्रिझममधून बघताना नजर सरळ जाते, म्हणजे काचेच्या लांबच्या भागातून. परिणामी टीव्ही स्वच्छ, पुस्तक धूसर. मामांना आधी वाटलं चष्माच खराब आहे. शेवटी फक्त वाचायच्या नंबरचा साधा चष्मा करून आणला, तेव्हा पेपर सुरू झाला.

*छोटी खिडकी.* प्रिझममधून दिसणारा भाग मर्यादित असतो. मोबाइल, पुस्तक, टीव्ही यांना तो पुरतो. उघडलेला अख्खा पेपर मावत नाही, घडी घालावी लागते.

*गरगरणे.* कान आणि मान मेंदूला सांगतात ‘आपण वर बघतोय’, डोळे सांगतात ‘समोर बघतोय’. या भांडणात सुरुवातीला मळमळू शकतं. पहिल्या दिवशी ५ ते १० मिनिटंच वापरा आणि डोकं हळू हलवा. चक्कर किंवा मायग्रेनचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

*चालणे नाही.* हा चष्मा लावून उठू नका, पाणी आणायला जाऊ नका, गॅसजवळ तर अजिबात नको. पाय कुठे पडतोय ते दिसत नाही.

मोबाइलसाठी काही टिप्स

ऑटो-रोटेटची कटकट इथे होत नाही. मोबाइल गुरुत्वाकर्षणावरून ‘खाली’ कुठे ते ओळखतो. कुशीवर झोपल्यावर तुम्ही आडवे असता, पण मोबाइलला ते कळत नाही, म्हणून स्क्रीन फिरते. प्रिझम वापरताना मोबाइल पोटावर खरंच उभा असतो, त्यामुळे स्क्रीन बरोबर दिशेला राहते.

फेस अनलॉकला मात्र डोळे दिसत नाहीत, तेव्हा फिंगरप्रिंट किंवा पिन वापरा. टाइप करताना हाताचा अंदाज चुकतो, त्यापेक्षा मराठी व्हॉइस टायपिंग सोपं पडतं. अक्षरांचा आकार सेटिंगमधून एक-दोन पायऱ्या वाढवा. मोबाइल पोटावर नुसता ठेवला तर श्वासाबरोबर हलतो. मांड्यांवर उशी ठेवून तिला टेकवा किंवा पलंगाला लावायचा स्टँड घ्या.

विकत घेताना काय तपासायचं?

काच की ॲक्रिलिक? काचेवर ओरखडे कमी पडतात, चित्र स्वच्छ दिसतं. पण त्याच आकाराची काच ॲक्रिलिकच्या साधारण दुप्पट जड असते. बराच वेळ वापरायचा असेल तर नाकावरची मऊ गादी आणि डोक्यामागचा पट्टा आहे का बघा.

घरी आल्यावर या तीन चाचण्या करा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत करा:

१. *मजकूर चाचणी:* मराठी मजकूर सरळ दिसतो का? उलटा दिसला तर आत एकच परावर्तन आहे.
२. *रेष चाचणी:* टीव्हीची वरची आडवी कड बघा. एक डोळा मिटा, मग दुसरा. कड वर-खाली उडी मारत असेल तर दोन प्रिझम एका रेषेत नाहीत. हीच चाचणी चष्म्याशिवायही करून बघा, म्हणजे दोष चष्म्याचाच आहे याची खात्री होईल. असा चष्मा परत करा. त्याने दोन-दोन दिसतं आणि डोकं दुखतं.
३. *रंग चाचणी:* पांढऱ्या पानावरच्या काळ्या अक्षरांना ठळक निळ्या-नारिंगी कडा दिसत असतील तर प्रिझमचे कोन नीट कापलेले नाहीत.

पुसताना आधी फुंकर मारून धूळ उडवा, मग मऊ कापड वापरा. ॲक्रिलिकवर शर्टच्या टोकानेही ओरखडे येतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*लहान मुलांना द्यावा का?* खेळणं म्हणून नको. मुलं लगेच उठून धावतात आणि पडतात. आजारी मुलासाठी हवा असेल तर मोठ्या माणसाच्या देखरेखीत आणि डॉक्टरांना विचारून.

*सिनेमा दोन तास बघितला तर चालेल?* मध्ये विश्रांती घेऊन बघा. डोळे चुरचुरले किंवा डोकं जड झालं की थांबा.

*पर्याय काय?* उठून बसता येत असेल तर पाठीला उशी लावून बसणं सगळ्यात स्वस्त. नाहीतर वाकणारा मोबाइल होल्डर. फक्त गोष्टीच हव्या असतील तर ऑडिओबुक, त्यात डोळ्यांना पूर्ण सुट्टी.

मग घ्यायचा का?

उठून बसता येत असेल आणि फक्त रात्री रील बघायच्या असतील, तर आधी होल्डर घेऊन बघा. तेवढ्यानेही भागेल. पण तुमच्या घरात, शेजारात कुणी आठवडेच्या आठवडे छताकडे बघत पडलेलं असेल, तर या चष्म्याबद्दल त्यांना नक्की सांगा. तो लावायच्या आधी डॉक्टरांना विचारा, वाचायचा नंबर बरोबर आहे का तपासा आणि पहिल्या दिवशी शेजारी बसून सरळ बसवून द्या.

मामा आता हिंडते-फिरते झालेत. चष्मा पुसून डब्यात ठेवलाय, पुढे कुणाला लागला तर देण्यासाठी.